लाल रेघेबाहेर

मी एक जुनी, चार चाकांची, शर्यतीत धावलेली गाडी आहे आणि मला किळस फार येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. चिखलात लोळणे हाच जिचा धंदा, तिने नाक मुरडावे हे तुम्हाला हसण्यासारखे वाटेल. पण मित्रांनो, चिखलाची मला कधीच किळस आली नाही. चिखल पाण्याने जातो. मला किळस येते ती पाण्याने न जाणाऱ्या गोष्टींची, आणि त्या बहुधा माणसेच करतात.

लोक मला एटीव्ही म्हणतात. चाके मोटारीसारखी चार, हँडल मोटारसायकलसारखे, आणि सीटवर बसायचे ते घोड्यावर बसावे तसे, दोन्हीकडे पाय टाकून. खड्डे, वाळू, मातीचे उंचवटे, जिथे शहाणी गाडी जाणार नाही तिथे मला पळवतात. वर पुन्हा म्हणतात, गाडी आवाज फार करते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बाया माझा एकेक नट घट्ट करून त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका देत. ठिपका दिला म्हणजे तपासले. कुणी घाईत असले तरी न तपासता ठिपका देत नसे. मला वाटले, जग असेच असते. पुढे जे पाहिले त्यावरून सांगते, इतका बावळट विचार मी पुन्हा कधी केला नाही.

माझा पहिला मालक हौशी होता. त्याने मला आणल्या आणल्या अंगभर चिकटपट्टीची चित्रे लावली, वाघ काय, कवटी काय, ज्वाळा काय. चघळलेला गोंद, म्हणजे च्युइंगगम, तो माझ्या सीटखाली चिकटवून ठेवी. एकदा नाही, रोज. तिथे गोंदाची एक वसाहत झाली आणि उन्हात ती वितळून माझ्या सांगाड्यावरून ओघळू लागली. ती आठवण झाली की अजून मला शिसारी येते.

त्याहून वाईट त्याने माझ्या शॉकअपचे केले. शॉकअप म्हणजे चाकांचे धक्के गिळणारा दांडा, त्याच्याभोवती स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या डोक्यावर एक खाचांची रिंग. रिंग फिरवली की स्प्रिंग दाबली जाते किंवा सैल होते. ती फिरवायला आकड्यासारखा वाकलेला पाना मिळतो, माझ्याबरोबर पिशवीत आलाही होता. हौशीने पिशवी उघडलीच नाही. छिन्नी घेतली, हातोडा घेतला आणि ठाण ठाण करून माझ्या रिंगांचे दात पाडले. डावी उंच, उजवी खाली, आणि मी लंगडी. मग वळणावर तो भेलकांडला की मित्रांना सांगायचा, गाडीच भिकार आहे. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय.

त्याने मला विकले ते भाड्याने गाड्या देणाऱ्याला, म्हणजे मी आगीतून फुफाट्यात पडले. तिथे दिवसाला वीस-पंचवीस जण माझ्यावर बसत. निम्मे फक्त फोटोसाठी. एका गृहस्थांना माझ्यावर बसल्या बसल्या ओकारी झाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून ती एका फडक्याने नुसती पसरवली गेली. शेवटी इंजीन बिघडले तेव्हा मला कुंपणाशी ताडपत्री घालून टाकून दिले. माझ्या एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केले, पिल्ले घातली, त्यातले एक तिथेच मेले. दोन वर्षे ते तिथेच होते. माझे स्तुतीचे दिवस ते वाघ-कवटीचे आणि उपेक्षेचे हे. खरे सांगायचे तर मला दोन्हींत फारसा फरक वाटला नाही.

मग एक दिवस ताडपत्री उचलली गेली आणि मामा दिसले.

मामा म्हणजे मिस्त्री. पन्नाशी उलटलेला, बुटका, हातांचे पंजे मात्र मोठे, कानामागे पेन्सिल. सगळे त्यांना मामाच म्हणत, कारण त्यांची भाची लहानपणापासून त्यांच्या वर्कशॉपमध्ये वावरायची आणि तिच्या तोंडचे नाव सर्वांच्या तोंडी बसले. मामांनी मला विकत घेऊन तिथे नेले, पण पहिल्या दिवशी माझे इंजीन पाहिले नाही. सीट उलटी केली, गोंदाची वसाहत पाहिली, 'अरे देवा, बाईसाहेबांचे हाल केले की कुणी' असे पुटपुटले आणि ब्लेडने एकेक गोळा खरवडून कागदात घेतला. मला त्या क्षणी रडू आले असते, पण तशी सोय नाही. तेव्हापासून त्यांनी मला बाईसाहेब हेच नाव ठेवले.

मामांच्या वर्कशॉपला पत्र्याचे छप्पर होते आणि सिमेंटची जमीन. जमीन सपाट दिसे, पण नव्हती. मामांनी एका दुपारी बादलीभर पाणी ओतून ते कुठे कुठे वाहते ते बसून पाहिले होते आणि जिथे ते थबकले तिथे पांढऱ्या रंगाने चार चौकोन काढले होते. माझी चार चाके त्या चार चौकोनांत उभी राहिली तरच मोजमाप. माझ्या दोन्ही अंगांनी ते दोन दोऱ्या ताणून बांधत आणि दोरीपासून चाकाचा पुढचा काठ किती, मागचा किती, हे पट्टीने मोजत. पुढची चाके सरळ आहेत की कोकराच्या पायांसारखी फाकली आहेत, ते दोरी सांगते. दोरी लाजत नाही, असे मामा म्हणत.

आणि मोजताना सीट रिकामी चालत नसे. भाचीने हेल्मेट, बूट, हातमोजे, सगळे घालून माझ्यावर बसायचे, तीनदा दाब द्यायचा, मला वीतभर पुढे-मागे ढकलायचे आणि मगच मोजायचे. रिकाम्या गाडीचे माप म्हणजे खुंटीवरच्या सदऱ्याचे माप, माणूस आत शिरला की सगळे बदलते, हे मामांचे दुसरे वाक्य. भाची घामाघूम होई आणि कुरकुर करी. मामा ढिम्म. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ट्रॅकवर एक फेरी, मग विचारायचे, हाताला काय लागले? जे हाताला लागले तेच वहीत.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. हँडल वळले की चाके वळतात ती दोन दांड्यांमुळे, एक डाव्या चाकाकडे जाणारा आणि एक उजव्या. त्यांना टाय रॉड म्हणतात. रॉडच्या टोकाला आट्यांचा एक तुकडा असतो, तो रॉडच्या पोटात स्क्रूसारखा बसतो. बाहेर फिरवला की रॉड लांब होतो, आत फिरवला की आखूड. बाहेर काढता काढता आत आटे थोडेच उरले, तर मोठ्या उडीच्या धक्क्याने तो निसटतो आणि चाक मनाला येईल तिकडे वळते. म्हणून मामांनी प्रत्येक तुकड्यावर, जिथून पुढे काढायचा नाही तिथे, लाल रंगाची एक बारीक रेघ ओढली होती. रेघ पोटात लपलेली असली पाहिजे. लाल रेघ दिसली की शर्यत संपली, हे त्यांचे तिसरे वाक्य, आणि हे ते कधीच हसत म्हणत नसत.

दोन हंगाम आम्ही धावलो. भाचीचा हात खरा होता, ती मला हौशीसारखी ओढत नसे. आम्ही जिंकायला लागलो तसे लोक माझे फोटो काढायला लागले, पण आता सीटवर बसून नाही, लांबून. मग त्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीचे कळले. पहिल्या तिघांना एक मोठा संघ आपल्यात घेणार होता, संघाच्या गाड्या, संघाचे मिस्त्री, वर्षभर दुसरे काम नको. भाची तेव्हा सकाळी एका गोदामात माल मोजायची आणि दुपारनंतर सराव करायची. तिचे वय संघाच्या अटीत त्या वर्षी आणि फार तर पुढच्या वर्षी बसत होते. मामांनी आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, शब्द दिला होता की पोरीला हाडे जागेवर असतानाच घरी आणीन. त्या बाईने या खेळाला होकार दिला तो एवढ्या एका शब्दावर.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी सरावात आम्ही पडलो. ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला, मामांना दिसत नाही अशा जागी. उंचवट्यावरून उतरताना पुढचे चाक रुतले, भाची डाव्या हातावर पडली आणि मी तिच्या बाजूला कलंडले. ती बराच वेळ गुडघ्यात डोके घालून बसली. मग उठली, एका हाताने मला सरळ केले, अंगावरची माती झटकली आणि मामांसमोर येऊन थांबली. इतका वेळ का लागला असे मामांनी विचारले. इंजीन बंद पडले होते, असे तिने सांगितले.

मित्रांनो, माझे इंजीन बंद पडले नव्हते. ते पडल्या पडल्याही चालू होते आणि तिनेच बटण दाबून बंद केले होते. तिने माझ्यावर घेतलेला तो पहिला आळ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या डाव्या हातमोज्यातून मलमाचा वास यायला लागला. आत पट्टी, पट्टीखाली मलम, त्यावर घाम, आणि हे सगळे रोज माझ्या डाव्या मुठीच्या रबरात मुरत गेले. उंदराच्या पिल्लाचा वास मी दोन वर्षे सोसला, पण या वासाची मला जास्त किळस आली. ते पिल्लू बिचारे खोटे बोलत नव्हते.

हात दुखत होता म्हणून तिला मला धरता येत नव्हते. उजव्या हाताचा जोर जास्त लागायचा आणि मी डावीकडे जायचे. ती मामांना सांगायची, गाडी डावीकडे ओढते. मामांनी टायरमधली हवा पाहिली. सारखी. दोऱ्या बांधल्या. चाके सरळ. शॉकअपची डावी रिंग अर्धा वेढा चढवली, ती म्हणाली, अजून ओढते. उतरवली, तरी ओढते. मामा रोज संध्याकाळी त्या चार चौकोनांपाशी उकिडवे बसून माझ्याकडे पाहत राहायचे. दोरी लाजत नाही म्हणणारा माणूस दोरीवरच संशय घ्यायला लागला, कारण त्यांचा दोरीपेक्षा भाचीच्या हातावर विश्वास जास्त होता. हाताला लागेल ते खरे. आणि हात तर मोडलेला.

शेवटी ती म्हणाली, डावी मूठ लांब वाटते, जरा जवळ पाहिजे. मूठ जवळ आली की मनगट कमी वाकवावे लागे, म्हणून. मामांनी एक रॉड आखूड केला, दुसरा लांब केला. चाके सरळच राहिली पण हँडल डावीकडे झुकले. अजून थोडे, ती म्हणाली. त्यांनी अजून फिरवले. अजून थोडे. आता बोटभर वाकडे झाले होते, आणि उजव्या रॉडच्या तोंडाशी लाल रेघ आली.

मामांचा पाना थांबला. त्यांनी वर पाहिले. भाची डोळे मिटून हँडल धरून बसली होती आणि कितीतरी दिवसांनी तिचे तोंड सैल दिसत होते. बस, एवढेच अजून, ती म्हणाली. मामांनी अर्धा वेढा अजून दिला. रेघ बाहेर आली. आत पाच आटे उरले. मामांनी कापडाने रॉडवर थोडे ग्रीस फासले, नीट रेघेवरच, आणि तुकडा जागेवर धरून ठेवणारा चेकनट आवळला.

त्या माणसाने माझ्या सीटखालचा परक्याचा गोंद ब्लेडने खरवडला होता. त्याच हाताने त्याने माझ्यावर खोटेपणा फासला. मला हौशीच्या छिन्नीची इतकी किळस आली नव्हती. छिन्नी उघड तरी होती. आणि मला तोंड नाही. मी फक्त मोजत होते, ट्रॅकवर तीन मोठ्या उड्या आहेत, पाच आटे पहिली सोसतील, दुसरी कदाचित सोसतील.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मामा एकटेच आले. वहीतली शेवटची तपासणी करायची होती. दोऱ्या बांधून झाल्या, मोजून झाले, तरी त्यांचे मन लागेना. मग त्यांनी कधी करत नसत ते केले, स्वतः माझ्यावर बसले आणि मला अंगणातून हळूहळू दोन फेऱ्या मारून आणले. डावी मूठ त्यांच्या पोटाशी येत होती. निरोगी हातांच्या माणसाला माझे ते वाकडे हँडल धरताच येईना. ते थांबले, मला बंद केले आणि घाम पुसायला तळहात तोंडावरून फिरवला. डावा. आणि तो तसाच नाकाशी धरून बसले. मग उजवा हात हुंगला. मग पुन्हा डावा.

भाची गोदामातून आली तेव्हा मामा जमिनीवर माझ्या पुढच्या चाकाशी बसले होते. त्यांनी तिला पाना दिला आणि म्हणाले, "हा धर, मी दुसऱ्या बाजूनं नट सोडतो."

तिने उजव्या हाताने धरला.

"डाव्या हातानं."

ती खाली बसली. डाव्या हाताने पाना धरला. मामांनी पलीकडून जोर लावला, फार नाही, एखाद्या पोराने लावावा तेवढा. तिचा चेहरा पांढरा पडला आणि पाना फरशीवर पडला. त्याचा आवाज पत्र्याखाली बराच वेळ फिरत राहिला.

"किती दिवस झाले?" मामांनी विचारले.

"तीन आठवडे."

 ती पाना उचलायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. उजव्या रॉडवरचे ग्रीस एका जागी पुसले गेले होते. लहानपणी ती याच फरशीवर बसून मामांच्या हातातल्या ब्रशने या लाल रेघा ओढायला शिकली होती.

"मामा, रेघ बाहेर आहे."

"आहे."

"तुला माहीत होतं?"

"मीच काढली बाहेर. वर ग्रीसही मीच लावलं." मामांनी रेघेवर बोट ठेवले. "तू म्हणालीस म्हणून काढली, असं चार दिवस स्वतःला सांगतोय. पण तुझ्यामुळं नाही. उद्याची शर्यत मला तुझ्याइतकीच पाहिजे होती."

त्यावर ती रडली नाही, भडकली. उद्या फक्त अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, अर्धा तास मी कसाही हात सोसेन, रेघ आत घे आणि मला जाऊ दे, असे ती म्हणत राहिली. पुढच्या वर्षाचा काय भरवसा, असेही म्हणाली. सगळे खरे होते. मामा ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांनी उजव्या रॉडचे दोन्ही बोल्ट सोडले, रॉड काढला आणि आपल्या पिशवीत टाकला. माझे उजवे चाक लगेच बाजूला कलंडले. आता मला कुणी हलवूही शकत नव्हते.

"चल," ते म्हणाले, "आधी हाताचा फोटो काढू. मग तुझ्या आईकडे जाऊ. तिथं तू बोलू नकोस, मी सांगतो."

जाता जाता भाचीने माझ्या चाकाला लाथ घातली. मला राग आला नाही. इतक्या दिवसांत तिने माझ्याशी केलेली ती पहिली खरी गोष्ट होती.

शर्यत दुसऱ्या दिवशी झाली. आमच्याशिवाय झाली. मनगटातले एक लहानसे हाड मोडले होते, तीन आठवडे तसेच रगडल्यामुळे ते मरायला टेकले होते. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की आणखी एक आपट बसली असती तर हात कायमचा गेला असता, आता जाणार नाही, पण पूर्ण वळणारही नाही. भाचीच्या आईने मामांशी दोन महिने अबोला धरला. भाचीने तर वर्कशॉपचा रस्ताच सोडला. मामा रोज येत, दुसऱ्यांच्या गाड्या करत, आणि मी एका चाकाने लुळी पडल्यासारखी कोपऱ्यात. मला त्या काळात सगळ्यांचीच किळस वाटली, खोटे बोलणारीची, ते झाकणाऱ्याची, आणि सगळे माहीत असून गप्प उभ्या असलेल्या माझीही.

सहा महिन्यांनी, एका भर दुपारी, ती आली. हेल्मेट, बूट, हातमोजे, सगळे घालून आली. मामा वेल्डिंग करत होते, त्यांनी काच वर केली. ती माझ्यावर बसली, तीनदा दाब दिला आणि म्हणाली, "मामा, माझं डावं मनगट एवढंच वळतं. याच्यापुढं नाही. डावी मूठ जवळ पाहिजे."

तिने मनगट वाकवून दाखवले, जिथे अडत होते तिथपर्यंत. मामांनी पट्टी आणली आणि हाताचे माप घेतले, माझे नाही. मग कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहिले. दुसऱ्या दिवशी ते लेथवाल्याकडे जाऊन बसले आणि मापाचा, दोन बोटे जास्त लांबीचा नवा रॉड करून घेऊन आले. तो बसवला तेव्हा हँडल पुन्हा बोटभर डावीकडे झुकले, अगदी पहिल्यासारखेच. पण आत आटे भरपूर होते आणि लाल रेघ पोटात गडप होती.

मित्रांनो, तोच वाकडेपणा. त्या वेळी मला त्याची ओकारी येत होती आणि आता तो माझ्या अंगाला दागिन्यासारखा वाटला. तेव्हा तो कुणाचे तरी दुखणे लपवत होता, आता सांगत होता.

पुढच्या हंगामात आम्ही निवडीच्या शर्यतीत धावलो. तुम्हाला वाटत असेल, जिंकलो. पाचवे आलो. घेतले तिघांना. भाचीने हेल्मेट काढून माझ्या टाकीवर ठेवले आणि मामांना म्हणाली, हाताला काही लागलं नाही, गाडी सरळ होती. मामांनी ते वहीत लिहिले. त्या रात्री भाचीच्या आईने भावाला जेवायला बोलावले.

याला आता चौदा वर्षे झाली. शर्यतीचे दिवस संपले, अंगावरचा रंग उडाला, इंजीन दम्याच्या माणसासारखे सुरू होते. त्याच वर्कशॉपमागच्या मैदानात भाची नव्या मुलामुलींना चालवायला शिकवते आणि पहिले धडे माझ्यावरच होतात. मामा खुर्चीत बसून दोरीचे टोक धरतात, वाकणे आता त्यांना जमत नाही. भिंतीवर खिळ्याला तो जुना रॉड टांगलेला आहे, पाच आट्यांचा, रेघ बाहेर असलेला. त्यावरचे ग्रीस मामांनी पुसू दिले नाही. नवीन आलेला प्रत्येक जण माझे हँडल वाकडे आहे अशी तक्रार करतो, आणि प्रत्येकाला तो रॉड हातात घेऊन पाहावा लागतो.

गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, गाडी उजवीकडे ओढते. भाचीने पान्याला हात लावला नाही. तिला खाली उतरवले, तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, बोटे दाबली, कोपर दाबले आणि विचारले, "तुझं कुठं दुखतंय?"

मुलगी आधी नाही म्हणाली. भाची वाट पाहत राहिली. मग मुलीने खांदा दाखवला.

म्हणून मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला धुवा, पुसा, ग्रीस द्या, रिंगेला छिन्नी लावू नका, सीटखाली गोंद चिकटवू नका, हे तर आहेच. पण माझे नट तपासण्याआधी स्वतःचे तपासा आणि कुठे सैल आहे ते मोठ्याने सांगा. माझा रॉड निखळायला आला होता तेव्हा मी ओरडू शकले नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला तोंड आहे. ते असूनही तुम्ही दुखणे गिळून गप्प बसता, त्या गप्प बसण्याची किळस मला आजवर सर्वांत जास्त आली आहे.